लंकेतील प्रपात आणि त्यांचे पाहुणे

मराठी माणसाच्या मनातील लंका फार जुनी आहे. ती सोन्याची आहे, समुद्राने वेढलेली आहे, तीत अशोकवन आहे आणि ती एकदा जळालेली आहे. नकाशातील लंका ह्याहून निराळी आहे. तिच्या मध्यभागी उंच डोंगराळ प्रदेश असून तेथून निघालेल्या नद्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूंकडे समुद्राला जाऊन मिळतात. डोंगर सोडून मैदानात उतरताना ह्या नद्यांनी आणि त्यांच्या उपनद्यांनी लहानमोठे शेकडो धबधबे निर्माण केले आहेत. कोलंबोहून आगगाडीने वर जाणारा आजचा प्रवासी ते पाहण्यासाठीच जातो व समाधानाने परततो.

परंतु धबधबा पाहावयास जाणे, म्हणजे कोणतेही काम नसता, पूजा नसता, केवळ पाणी उंचावरून पडताना पाहण्यासाठी वाट तुडवणे, ही गोष्ट ह्या बेटावर किती जुनी आहे? कोण कोण तेथे गेले आणि कशासाठी गेले? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि त्याचा मागोवा घेऊ लागले की यात्रेकरू, मळेवाला, मजूर, इंजिनियर आणि प्रवासी असे पाच प्रकारचे लोक एकामागून एक समोर येतात, आणि लंकेच्या गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाण्याच्या त्या धारेत बराचसा दिसू लागतो.

प्रथम ह्या भूमीची घडण पाहू. लंकेची भूमी तीन पायऱ्यांची आहे. किनाऱ्यालगतचे सखल मैदान ही पहिली पायरी. सुमारे सोळाशे फुटांच्या आसपासची मधली पायरी ही दुसरी. आणि सहा हजार फुटांच्या जवळपास असलेली पठारे ही तिसरी. १९२९ साली एफ. डी. ॲडम्स ह्या भूशास्त्रज्ञाने ही रचना प्रथम स्पष्टपणे मांडली. पुढे आपल्या बडोद्याच्या महाविद्यालयात शिकलेले दाराशा नौशेरवान वाडिया हे सिलोन सरकारचे खनिजशास्त्रज्ञ म्हणून काम करीत असता त्यांनी १९४३ च्या सुमारास ह्या प्रश्नाचा पुन्हा विचार केला, आणि जमिनीचे मोठमोठे खंड भूगर्भातील हालचालींनी वर उचलले गेल्यामुळे ह्या पायऱ्या झाल्या असे प्रतिपादन केले. खडक अतिप्राचीन व कठीण आहे. त्यामुळे पायरीची कड सहजासहजी झिजत नाही, आणि नदी त्या कडेवर आली की तिला उडी घेण्यावाचून गत्यंतर नसते. बंबरकंद हा ८६३ फुटांचा, बेटावरील सर्वांत उंच प्रपात, आणि त्याच्या खालोखाल उंचीचा, सुमारे ७२० फुटांचा दियलुम, हे दोन्ही दक्षिणेकडील अशाच कड्यावरून पडतात.

घडणीइतकाच पाऊसही महत्त्वाचा. सह्याद्रीवर एकच पावसाळा येतो आणि दिवाळीपर्यंत आपले धबधबे आटू लागतात. लंकेला पावसाळे दोन आहेत. मे ते सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचे वारे पश्चिमेच्या उतारांना झोडपतात. वटवळसारख्या ठिकाणी तर वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. डिसेंबरपासून ईशान्येचे वारे सुरू झाले की पूर्वेकडील ऊव प्रांताची पाळी येते. म्हणून पश्चिमेचे धबधबे ओसरू लागावेत आणि पूर्वेचे भरू लागावेत असा हा क्रम आहे, आणि बेटावर कोठे ना कोठे पाणी कड्यावरून पडतच असते.

आता माणसांकडे वळू. सिंहली ही आर्यकुलातील भाषा असल्यामुळे तेथील नावे आपल्याला अगदीच परकी वाटत नाहीत. ‘एल्ल’ म्हणजे धबधबा. ‘कंद’ म्हणजे डोंगर आणि ‘बंबर’ म्हणजे आपला भ्रमर, कड्याला मोठाली पोळी लावणारी मधमाशी. तेव्हा बंबरकंद हा भ्रमरांचा डोंगर होय. ‘महा एल्ल’ हा थोरला प्रपात आणि ‘कुडा एल्ल’ हा धाकटा. ह्या ‘कुडा’मध्ये संस्कृत ‘क्षुद्र’ शब्द झिजून राहिलेला आहे. बदुल्लजवळच्या दुन्हिंद धबधब्याच्या नावात धूर आहे असे लोक सांगतात, आणि २१० फुटांवरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार ज्याने पाहिले असतील त्याला ते पटावयास अडचण पडू नये. हिंदी मुलखात राहणारा मराठी माणूस ‘दियलुम’ मधील ‘दिय’ ऐकून दिव्याची कल्पना करील. सिंहलीत मात्र त्याचा अर्थ पाणी असा आहे.

ही नावे देणारे लोक धबधब्याच्या आसपास राहणारे होते. त्यांनी कथाही रचल्या. दियलुमची कथा इतिहासकार आर. एल. ब्रोहियर ह्यांनी नोंदवली आहे. एका तरुण सरदाराला हद्दपार करून डोंगरमाथ्यावर धाडले होते. त्याची वाग्दत्त वधू त्याला भेटावयास निघाली. घाटांवर पहारे बसलेले, म्हणून त्याने कड्यावरून वेलींचा दोर खाली सोडला. ती वर ओढली जात असता खडकावर आपटून मरण पावली, आणि देवांना दया येऊन त्यांनी त्या जागी पाण्याचा पडदा सोडला. रावण एल्ल ह्या पाऊणशे-ऐंशी फुटांच्या धबधब्याजवळच्या गुहेत रावणाने सीतेला लपवले होते अशी दंतकथा आहे. रंबोडा येथे रामाच्या सैन्याचा तळ होता असे मानतात, आणि तेथे आता चिन्मय मिशनने बांधलेले हनुमंताचे मंदिर आहे. ह्या कथांत धबधबा हा देखावा म्हणून येत नाही. तो दुःखावर पांघरूण घालतो, किंवा लपण्याची जागा झाकतो.

प्राचीन सिंहली समाजाला देखावे पाहण्याची हौसच नव्हती, असा मात्र ह्याचा अर्थ कोणी करू नये. सिगिरियाच्या खडकावरील चित्रे पाहावयास शतकानुशतके लोक येत राहिले आणि तेथील गुळगुळीत भिंतीवर त्यांनी आपले पद्योद्गार कोरून ठेवले. सेनरत परणवितान ह्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी ६८५ पद्ये आहेत. मेघदूताच्या धर्तीवर लिहिलेली संदेशकाव्येही सिंहलीत विपुल आहेत. पंधराव्या शतकातील तोटगमुवे श्रीराहुल ह्यांच्या ‘सेललिहिणि संदेश’ ह्या काव्यात एक साळुंकी कोट्टे राजधानीहून केलनी नदीकाठच्या विभीषणाच्या देवळाकडे निरोप घेऊन जाते. रावणाचा भाऊ तेथे देव म्हणून पुजला जातो हे वाचून आपल्याकडील वाचकाला कौतुक वाटेल. परंतु ही साळुंकी नदीच्या मुखाजवळच थांबते. तीच केलनी ज्या डोंगरांतून उड्या घेत येते त्या डोंगरांकडे कवीने तिला पाठवले नाही.

कारण तो मुलूखच निराळा होता. जुन्या बखरींत त्याला ‘मलय’ म्हटले आहे. राज्य, शेती आणि संस्कृती ही सखल, कोरड्या प्रदेशात होती. तेथे पाणी पडत नव्हते. अडवावे लागत होते. अनुराधपूर आणि पोलोन्नरुव येथील राजांनी बांधलेली प्रचंड तळी पाहिली म्हणजे त्या समाजाची पाण्याकडे पाहण्याची दृष्टी कळते. बाराव्या शतकातील पराक्रमबाहूचे धोरणच असे होते की पावसाचे पाणी माणसाच्या उपयोगी पडल्याविना समुद्राला मिळू नये. पाण्याचा विनियोग करावा ही वृत्ती लंकेत इंग्रजांबरोबर आलेली नाही, हे पुढील हकीगत वाचताना लक्षात ठेवले पाहिजे.

उंच डोंगरांत सामान्य माणूस जाई तो एकाच निमित्ताने, श्रीपादाच्या यात्रेसाठी. ७,३५९ फूट उंचीच्या ह्या शिखरावरील पाऊल बौद्धांना बुद्धाचे, हिंदूंना शिवाचे आणि मुसलमानांना आदमाचे वाटते. इब्न बतूता १३४४ साली तेथे चढून गेला होता. आजही डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रा चालते. वाटेत ‘सीत गंगुल’ नावाचा ओढा लागतो. ‘सीत’ म्हणजे शीत. त्या गार पाण्यात अंग धुऊन यात्रेकरू पुढे जातात. ह्याच डोंगराच्या कुशीतून मस्केलिया ओय ही नदी निघते आणि पुढे लक्षपान येथे चारशे फुटांहून अधिक खोल उडी घेते. यात्रेकरूच्या लेखी पाणी शुद्धीसाठी होते. धबधबा वाटेत दिसला तर तो नमस्कार करी, पण तो पाहावयास म्हणून आलेला नसे.

१८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले. १८१७-१८ मध्ये ऊव प्रांतात उठाव झाला आणि तो निर्दयपणे मोडण्यात आला. ह्यानंतर डोंगरांत रस्ते आले. १८१९ साली इंग्रजांना नुवर एलियाच्या पठाराचा पत्ता लागला आणि गव्हर्नर एडवर्ड बार्न्स ह्याने तेथे आरोग्यधाम वसवले. रस्त्यांमागून कॉफीचे मळे आले. शतकानुशतके उभे असलेले अरण्य तोडून जाळण्यात आले, आणि पूर्वी झाडीत लपलेले, केवळ आवाजावरून ओळखू येणारे धबधबे उघडे पडले. ज्याला आपण ‘मनोहर देखावा’ म्हणतो तो कित्येक ठिकाणी असा कुऱ्हाडीने तयार झालेला आहे. समोरचा डोंगर बोडका झाल्यावाचून इतक्या दुरून प्रपात दिसताच ना.

मळेवाल्यांनी मळ्यांना आपल्या गावांची व घराण्यांची नावे दिली, आणि मळ्यालगतच्या धबधब्यांनाही तीच चिकटली. सेंट क्लेअर, डेव्हन, अबर्डीन, एल्जिन ही नावे वाचली म्हणजे आपण ब्रिटनच्या नकाशावर बोट फिरवीत आहोत की काय असा भास होतो. हॉर्टन पठारावरील बेकर फॉल हे नाव सॅम्युएल बेकर ह्याचे. हा शिकारी गृहस्थ १८४५ साली लंकेत आला, नुवर एलियाला शेतीची वसाहत उभारून काही वर्षे राहिला आणि लंकेतील भटकंतीवर त्याने दोन पुस्तके लिहिली. पुढे हाच बेकर नाईल नदीचा उगम शोधीत आफ्रिकेत गेला आणि १८६४ साली तेथील एका महाप्रपाताला त्याने लंडनच्या भौगोलिक संस्थेच्या अध्यक्षाचे, मर्चिसनचे, नाव देऊन टाकले. धबधबा पाहणे आणि त्याला नाव देणे ह्या दोन क्रिया त्या काळी किती सहज एक होत असत, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

१८६९ साली कॉफीवर तांबेरा पडला आणि दहा-पंधरा वर्षांत तो धंदा बुडाला. त्याची जागा चहाने घेतली. जेम्स टेलर ह्याने १८६७ सालीच लूलकंदेर येथे चहाची लागवड केली होती. चहाच्या पेट्या खाली आणण्यासाठी आगगाडी वर चढत गेली. १८८४ साली ती हॅटनला व १८८५ साली नानु ओयला पोहोचली. बदुल्ल गाठावयास तिला १९२४ साल उजाडले. हॅटन सोडल्यावर कोटगल ते तलवाकेले ह्या पट्ट्यात डब्याच्या खिडकीतून ३१८ फुटांचा डेव्हन आणि रुंद, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा सेंट क्लेअर दिसू लागला. चहासाठी बांधलेल्या मार्गाने प्रवाशाला प्रपात दाखवला. आजचा पर्यटक त्याच रुळांवरून जातो.

ह्या देखाव्यात चहाची पाने खुडणाऱ्या बायका असतात. छायाचित्रांत त्या धबधब्याच्या पुढे, हिरव्या उतारावर, पाठीवर टोपली घेऊन उभ्या दिसतात. त्या कोण, हे चित्र सांगत नाही. त्यांचे पूर्वज तमिळ जिल्ह्यांतून दुष्काळाने व दारिद्र्याने हाकललेले. होडीतून मन्नारला उतरून अरण्यांतून पायी चालत डोंगरांवर आले, आणि पटकी व हिवताप ह्यांनी त्यांतील कित्येक वाटेतच पडले. जे पोहोचले त्यांनी अरण्य तोडले, रस्ते खणले, मळे फुलवले आणि एकाला एक लागून असलेल्या चाळींतल्या एकेका खोलीत पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांचे नागरिकत्व नाकारले गेले. १९६४ साली सिरिमावो बंदारनायके आणि लालबहादूर शास्त्री ह्यांच्यात करार होऊन सव्वापाच लाखांना भारताने व तीन लाखांना लंकेने घ्यावे असे ठरले. माणसांची वाटणी अशी आकड्यांनी झाली. उरलेल्यांचा प्रश्न २००३ च्या कायद्यापर्यंत रेंगाळला. धबधब्याच्या सर्वांत जवळ हेच लोक राहिले, आणि त्यांना कोणी त्याचे पाहुणे म्हटले नाही, की धनीही म्हटले नाही.

ह्यानंतर येतो इंजिनियर. देवपुर जयसेन विमलसुरेंद्र ह्यांचा जन्म १८७४ साली गाल येथे झाला. कारागिराचा हा मुलगा बांधकाम खात्यात इंजिनियर झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी सोन्याच्या शोधाच्या कामावर ते लक्षपानच्या परिसरात हिंडत होते असे सांगतात. सोने हाती आले नाही. परंतु मस्केलिया ओय आणि केहेलगमु ओय ह्या दोन नद्या थोड्या अंतरात किती खाली उतरतात हे त्यांच्या ध्यानात आले. एकीवर लक्षपान, दुसरीवर ३२२ फुटांचा अबर्डीन. मळेवाल्याला जो देखावा दिसला त्यात ह्या माणसाला घरांतले दिवे आणि कारखान्यांतली चाके दिसली.

ही दृष्टी त्या काळी नवलाची होती असे नाही. म्हैसूर संस्थानाने १९०२ साली कावेरीच्या शिवसमुद्रम् प्रपाताजवळ वीज काढून ती नव्वद मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली होती, आणि १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. विमलसुरेंद्रांनी १९१८ साली सिलोनच्या इंजिनियर-मंडळापुढे निबंध वाचून जलविद्युतीचा हिशेब मांडला. काम १९२० नंतर सुरू झाले, मग पैशाअभावी थांबले, पुन्हा रेंगाळले. परक्या राजवटीला त्याची घाई नव्हती. नोकरी संपल्यावर विमलसुरेंद्र १९३१ साली रत्नपुरातून स्टेट कौन्सिलात निवडून आले आणि तोच विषय त्यांनी तेथेही लावून धरला. अखेर १९५० साली, लंका स्वतंत्र झाल्यावर दोन वर्षांनी, लक्षपानचे वीजकेंद्र सुरू झाले. तेव्हा विमलसुरेंद्र पंचाहत्तरीत होते; १९५३ साली ते वारले. १९६५ साली सुरू झालेल्या नॉर्टन ब्रिजजवळच्या केंद्राला त्यांचे नाव दिले आहे.

पुढच्या तीन दशकांत ह्या दोन नद्यांवर धरणांची व केंद्रांची साखळी उभी राहिली. पाणी कासलरी आणि मावुस्साकेले येथील जलाशयांत अडते, बोगद्यांतून व नळांतून चक्रांवर जाते आणि खाली नदीला परत मिळते. कड्यावरून पडण्यासाठी उरते ते वरकड. पावसाळ्यात लक्षपान आणि अबर्डीन आजही गर्जतात. कोरड्या दिवसांत मात्र ते क्षीण होतात. पराक्रमबाहूने हे पाहिले असते तर त्याला खंत वाटली असती असे वाटत नाही. पडणारे पाणी म्हणजे वाया जाणारे पाणी, हा हिशेब त्याचाही होता.

प्रश्न खरोखर धसास लागला तो सेंट क्लेअरपाशी. महावेलीची उपनदी असलेल्या कोटमले ओयवर हा प्रपात आहे. उंची २६५ फूट, म्हणजे फार नव्हे. परंतु रुंदीमुळे आणि पाण्याच्या भरामुळे त्याला लंकेचा नायगारा म्हणत. तलवाकेले येथे बंधारा घालून ते पाणी आठ मैलांच्या बोगद्याने खालच्या वीजकेंद्राकडे न्यावयाचे, अशी योजना निघाली. मूळ आराखड्यात आसपासच्या ओढ्यांचे पाणीही वळवावयाचे होते. तसे झाले असते तर डेव्हन आणि रंबोडा ह्यांवरही गदा आली असती. ह्याविरुद्ध पर्यावरणवाद्यांनी, स्थानिकांनी आणि धबधब्यांवर प्रेम करणाऱ्या सामान्य नागरिकांनी आवाज उठवला आणि वाद वर्षानुवर्षे चालला. ह्या बेटाच्या इतिहासात प्रपात हा केवळ प्रपात म्हणून राखण्यासाठी एवढे भांडण पूर्वी झाले नव्हते. शेवटी बाकीचे ओढे वगळण्यात आले, आणि कोटमले ओयचा १५० मेगावॅटचा प्रकल्प २०१२ साली सुरू झाला. सेंट क्लेअरसाठी तडजोड अशी ठरली की दिवसा काही ठराविक तास कड्यावरून पाणी सोडावे.

ही तडजोड विचार करण्यासारखी आहे. ज्या नदीला पूर्वी ऋतू ठाऊक होते तिला आता कचेरीची वेळ पाळावी लागते. प्रवासी येतात तेव्हा ती पडते आणि ते निघून गेल्यावर तिचे पाणी बोगद्यात जाते. ह्याला निसर्गाची विटंबना म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तसेच, वीज हवी तर एवढे सोसलेच पाहिजे असे म्हणून हात झटकणेही सोपे आहे. दोन्ही बोलणाऱ्यांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. धबधबा कोणाचा, ह्या वादात एका बाजूला पाहणारे होते आणि दुसऱ्या बाजूला वापरणारे. त्याच्या काठावर दीडशे वर्षे राबलेल्या लोकांना ना पाहण्याची उसंत होती, ना त्या विजेचा फारसा लाभ. मळ्यांतील बहुतेक चाळींत दिवे फार उशिरा लागले. पाण्याची वाटणी करताना तिसरा वाटेकरी कोणाच्या हिशेबात नव्हता.

आपल्याला हा अनुभव परका नाही. जोगचा प्रपात, ज्याला जुने लोक गिरसप्पा म्हणत, १९४८ पासून विजेच्या कामी लागला, आणि १९६४ साली वर लिंगनमक्कीचे धरण पुरे झाल्यावर शरावतीच्या चार धारा धरणवाल्यांच्या मर्जीवर राहिल्या. पावसाळा सोडून जाणारा प्रवासी तेथे काळा कडा पाहून परततो व फसवणूक झाल्यासारखा बोलतो. त्याच्या घरातला दिवा कोणत्या पाण्यावर जळतो हे मात्र त्याच्या मनात येत नाही.

लंकेला जाणाऱ्याने धबधबे अवश्य पाहावेत. पश्चिमेचे पाहावयाचे तर जून-जुलैत, पूर्वेचे पाहावयाचे तर डिसेंबर-जानेवारीत जावे. दुन्हिंदचे तुषार अंगावर घ्यावेत, दियलुमच्या पायथ्याशी उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहावे. मात्र नॉर्टन ब्रिजचे धरणही पाहावे, आणि मळ्यातून जाताना चाळींच्या दाराशी एखादा तमिळ म्हातारा बसलेला दिसला तर त्याला त्याच्या गावाचे नाव विचारावे. तो मळ्याचे नाव सांगेल, आणि ते बहुधा स्कॉटलंडातले असेल. सेंट क्लेअरला जावयाचे असल्यास दिवसा जावे. पावसाचे दिवस नसतील, तर रात्री तलवाकेलेत दिवे लागतात तेव्हा त्या कड्यावर पाणी जवळजवळ नसते.